काठमांडूत दोघांचा एक दिवस, दोन हजार रुपयांत

पशुपतिनाथाच्या यात्रेला आपल्या भागातून दर वर्षी बस जाते, आणि गटाच्या बैठकीत प्रत्येक वेळी तेच प्रश्न निघतात. कागद कोणते लागतात, पैसे कसे न्यायचे, आणि बसवाल्याने दाखवले तेवढेच बघायचे की नवरा-बायकोने आपले आपण फिरले तरी चालते? आम्ही दोघे मागच्या वर्षी जाऊन आलो. यात्रेच्या कार्यक्रमात काठमांडूत एक दिवस मोकळा होता. त्या दिवशी बसवाला जादा पैसे घेऊन शहर दाखवणार होता, माणशी अठराशे रुपये. आम्ही नाही म्हटले आणि दोघांचे मिळून दोन हजार घेऊन बाहेर पडलो. ते कसे जमले, ते आज सांगते.

आधी कागदाचे. नेपाळ आपल्याला इतका घरचा वाटतो की तो परदेश आहे हे डोक्यातून जाते. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० सालचा करार आहे, त्यामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही. पण ओळखीचा कागद लागतो. विमानाने जाणाऱ्याला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. रस्त्याने गेलात तरी यातला एक कागद जवळ ठेवा, झेरॉक्स नको, मूळ प्रत. नुसत्या आधारकार्डाच्या भरवशावर जाऊ नका. आणि बायकांनी एक गोष्ट जास्त बघायची. मतदार कार्डावर माहेरचे नाव, तिकिटावर सासरचे, असे आपल्यातल्या निम्म्या जणींचे असते. तिकीट काढताना कार्ड समोर ठेवा आणि त्यावर आहे तेच नाव, त्याच क्रमाने सांगा. पुरुषांना ही कटकट नसते, म्हणून त्यांच्या ते ध्यानातही येत नाही.

आता पैसे. आपले शंभर रुपये म्हणजे नेपाळचे एकशेसाठ. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, रोज बदलत नाही, त्यामुळे हिशेब सोपा. पण नोटांचे लफडे आहे. २०१८ च्या अखेरीस नेपाळ सरकारने शंभरच्या वरच्या भारतीय नोटांना बंदी घातली होती. पुढे नियमात फेरफार होत गेले. आपण वादात पडायचे कशाला? शंभराच्या नोटा चालतात, त्या घेऊन जायच्या. पाचशेच्या नोटा गावातच सुट्ट्या करून घ्या, सोनौलीच्या नाक्यावर सुट्टे शोधत बसू नका.

दुकानात भाव विचारला की पहिल्यांदा एक प्रश्न करायचा, ‘आयसी की एनसी?’ आयसी म्हणजे आपला रुपया, एनसी म्हणजे नेपाळी. पाचशे म्हटले आणि तुम्ही आपले पाचशे दिलेत, तर दुकानदाराला आठशे मिळाले. तो काही बोलणार नाही. यासाठीच आम्ही सकाळीच दोन हजारांचे नेपाळी करून घेतले. ३२०० आले. त्यातल्या तीन हजारांपुरतेच हात चालवायचे आणि दोनशे पदराला बांधून ठेवायचे, असे ठरवले.

पाकीट माझ्याकडे होते. पैसे माझे होते म्हणून नव्हे, जरी त्यातला मोठा वाटा शेळ्यांचा होता. आमच्या यांचा हात बाजारात गेला की मोकळा सुटतो, आणि मला घासाघीस करायला आवडते, म्हणून.

बोलण्याची मात्र भीती बाळगू नका. नेपाळी भाषा आपल्याच देवनागरीत लिहितात. परदेशात जाऊन पाट्या वाचता येतात, हे सुख दुसरीकडे कुठे मिळणार? दुकानाला ‘पसल’ म्हणतात, रस्त्याला ‘बाटो’, चहाला ‘चिया’. किंमत विचारायची तर ‘कति?’ एवढे पुरते. बाईला ‘दिदी’ म्हणायचे, वयाने धाकटी असली तर ‘बहिनी’, पुरुषाला ‘दाइ’. हिंदी बहुतेकांना समजते. घड्याळ मात्र पंधरा मिनिटे पुढे करा, आणि शनिवार हा तिथला सुट्टीचा वार, तेवढे लक्षात ठेवा.

आमची धर्मशाळा गौशाला चौकाजवळ होती. तिथून पशुपतिनाथ पायी पाच-दहा मिनिटांवर. पहाटे निघालो, कारण पहाटेची रांग छोटी असते. आपल्याला तिथे तिकीट नाही. चामड्याचा पट्टा, चामड्याची पर्स आत नेऊ देत नाहीत आणि आत फोटो काढायचा नाही. देवळाचे छप्पर दोन मजली आणि सोनेरी. मुख्य पुजारी भट्ट घराण्यांतले, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकातून येतात. म्हणजे आपल्या शेजारचेच. देवळाच्या मागे बागमती नदी, आणि तिच्या काठावर चिता जळत असतात. समोरच्या काठाच्या पायऱ्यांवर बसले की सगळे दिसते. काही प्रवासी तिकडे मोबाईल धरून उभे होते. कुणाच्या घरचे माणूस गेलेले असते, तिथे फोन पिशवीतच ठेवावा.

बसने जाणारे इथून परत बसमध्ये बसतात आणि शहराच्या गर्दीतून पुढच्या ठिकाणी जातात. पायी गेले तर वेगळेच शहर दिसते. पशुपतीच्या मागून नदी ओलांडून, झाडीतून वाट गुह्येश्वरीच्या देवळाकडे जाते. हे शक्तिपीठ आहे. तिथून पुढे गल्ल्यागल्ल्यांतून बौद्धनाथचा स्तूप. सगळे मिळून दोन-अडीच किलोमीटर, आपल्या शेताच्या फेरीएवढे. वाट चुकायची भीती वाटली तर ‘बौद्ध जाने बाटो?’ एवढे विचारायचे, कुणीही हात करून दाखवते. मध्ये एका टपरीवर चिया आणि जेरी-स्वारी खाल्ली. जेरी म्हणजे जिलबी आणि स्वारी म्हणजे पातळ पुरीसारखी, पुरीत जिलबी गुंडाळून खातात. दोघांचे दोनशे नेपाळी.

बौद्धनाथचा स्तूप केवढा मोठा आहे हे सांगून कळायचे नाही. पांढरा शुभ्र घुमट, उंची छत्तीस मीटरच्या आसपास, वर चारी दिशांना रंगवलेले डोळे. आम्ही गेलो तेव्हा आपल्यासाठी माणशी शंभर नेपाळी तिकीट होते. भारत, बांगलादेश, श्रीलंका अशा सार्क देशांच्या लोकांना इतर परदेशी पाहुण्यांपेक्षा बराच कमी दर असतो. म्हणून तिकिटाच्या खिडकीवर मतदार कार्ड दाखवायचे आणि ‘भारत’ म्हणायचे.

या स्तुपाची एक गोष्ट तिबेटी लोक सांगतात. ती आपल्या कुक्कुटपालन करणाऱ्या बायांनी मुद्दाम ऐकावी. कोंबड्या पाळणारी एक गरीब बाई होती. चार मुले तिने त्याच धंद्यावर वाढवली. पैसे साठवले आणि स्तूप बांधायचे मनात घेतले. राजाकडे जाऊन जागा मागितली, फक्त एका म्हशीच्या कातड्याने झाकेल एवढी. राजा हसून हो म्हणाला. बाईने ते कातडे बारीक पट्ट्यांत कापले, पट्ट्या एकमेकींना जोडल्या आणि त्या दोरीने भलीमोठी जागा घेरली. दरबारातल्या मोठ्या लोकांना राग आला. कोंबडीवाली बाई इतके मोठे काम करणार, तर आपली शोभा काय राहिली? त्यांनी राजाला परवानगी मागे घ्यायला सांगितले. राजा म्हणाला, एकदा तोंडातून शब्द गेला, तो परत घेता येत नाही. स्तुपाचे तिबेटी नावही त्याच अर्थाचे आहे.

ही गोष्ट खरी की कल्पनेची, यात मी पडत नाही. पण लोकांनी एवढ्या मोठ्या देवस्थानाचा मान राजाला न देता कोंबडीवालीला दिला, हे मला फार आवडले. गोष्ट ऐकल्यावर आमचे हे म्हणाले, ‘कातडे कापायची अक्कल बाईलाच सुचणार.’ लग्नाला बावीस वर्षे झाली, असे कौतुक त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले, तेही दुसऱ्या बाईचे.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात या स्तुपाचा वरचा भाग तडकला होता. त्या भूकंपात नेपाळात सुमारे नऊ हजार माणसे गेली. स्तुपाची दुरुस्ती लोकांच्या दानातून झाली आणि २०१६ च्या नोव्हेंबरात तो पुन्हा खुला झाला. आपल्यासारखीच प्रदक्षिणा घालतात, स्तूप उजव्या हाताला ठेवून. म्हाताऱ्या तिबेटी बायका हातात माळ घेऊन सकाळभर फेऱ्या घालत असतात. त्यांच्याबरोबर तीन फेऱ्या घातल्या, आणि त्याला काही पैसे पडत नाहीत.

जेवणाची वेळ तिथे वेगळी आहे. नेपाळी माणूस सकाळी नऊ-दहाला पोटभर डाळभात खातो, दुपारी तीनच्या पुढे ‘खाजा’ म्हणजे थोडे काहीतरी, आणि मग रात्री परत डाळभात. आपण दीड वाजता थाळी शोधायला निघालो तर गरम मिळेलच असे नाही. आम्ही दहा वाजताच जेवून घेतले. स्तुपाच्या भोवतीच्या गच्चीवरच्या हॉटेलांत भाव चढे. मागच्या गल्लीत, जिथे टेम्पोवाले जेवतात तिथे, माणशी अडीचशे नेपाळीत भात, डाळ, तरकारी, साग आणि लोणचे. भात-डाळ-भाजी पुन्हा मागितली तरी जादा पैसे घेत नाहीत. शाकाहारी असाल तर आधीच ‘भेज’ म्हणून सांगा. पाटीवर ‘बफ’ दिसले तर ते म्हशीचे मांस. गाय तिथला राष्ट्रीय प्राणी आहे, म्हैस नाही. मोमो घेतानाही विचारून घ्या. नळाचे पाणी पिऊ नका. आणि बायांनो, जेवलो त्या हॉटेलातच संडास-बाथरूम उरकून घ्यायचे. पुढे बाजारात चांगली सोय शोधायला पायपीट होते.

बौद्धनाथहून रत्नपार्कला बसने आलो. रत्नपार्क म्हणजे तिथला मोठा बसथांबा. शहरात फिरायला पांढऱ्या तीनचाकी गाड्या आहेत, ‘सफा टेम्पो’. सफा म्हणजे स्वच्छ. १९९० नंतर काठमांडूची हवा डिझेलच्या टेम्पोंनी फार खराब झाली होती. तेव्हा बॅटरीवर चालणारे हे टेम्पो आले, आणि १९९९ मध्ये डिझेलच्या टेम्पोंना शहरात बंदी झाली. म्हणजे आपल्याकडे आत्ता ई-रिक्षा दिसायला लागल्या, तिथे त्या पंचवीस वर्षे चालत आहेत. आणि चालवणाऱ्यांत बायका पुष्कळ. आम्ही बसलो त्या टेम्पोच्या चाकावरही बाईच होती. गर्दीत गाडी वळवत होती, सुट्टे देत होती, ट्रॅफिक पोलिसाशी बोलत होती, कुणाला त्याचे नवल नव्हते. भाडे माणशी पंचवीस नेपाळी.

पण त्याआधी रत्नपार्कपासून पायी असनचा बाजार. सहा रस्ते एकत्र येतात असा जुना चौक, मध्ये अन्नपूर्णेचे देऊळ. आत मूर्ती नाही, कलश आहे. भोवती तांदूळ, मसाले, पितळेची भांडी, सुकी मासळी. तिथून इंद्रचौकाकडे गेले की एका बोळात मण्यांच्या माळांचा बाजार लागतो. काचेच्या बारीक मण्यांच्या लाल, हिरव्या, पिवळ्या माळा छपरापासून लोंबत असतात. लग्न झालेल्या बायका त्या घालतात आणि त्यांना ‘पोते’ म्हणतात. आपण काळ्या मण्यांची पोत म्हणतो ना, तसेच. मी आपल्या पोतीला हात लावून दाखवले, दुकानदार हसला, आणि भाव करायला तेवढी ओळख पुरली. तीन माळा साडेचारशे नेपाळीत. दोन सुनांना, एक मला.

जवळच जुना राजवाडा आणि कुमारीचे घर आहे. तिथे देवी म्हणून पुजली जाणारी लहान मुलगी राहते, आणि पाळी आली की तिचे देवीपण संपते. ते बघायला आम्ही गेलो नाही. एक कारण तिकिटाचे. दोघांच्या खिशाला एका दिवसात मोठे तिकीट एकच परवडणारे होते, ते मला पाटणसाठी ठेवायचे होते. दुसरे कारण असे की लहान लेकराने खिडकीत यावे म्हणून खाली उभे राहायला मला बरे वाटेना. ज्याची त्याची श्रद्धा.

पाटण म्हणजे ललितपूर, बागमतीच्या पलीकडे. टेम्पोने गेलो. दरबार चौकाचे तिकीट आम्हाला माणशी अडीचशे पडले, त्यातच संग्रहालयही आले. १६३७ साली सिद्धिनरसिंह मल्ल राजाने बांधलेले कृष्णाचे दगडी देऊळ तिथे आहे, एकवीस कळसांचे. एका मजल्यावर महाभारत कोरलेले, दुसऱ्यावर रामायण. हे एकेक प्रसंग ओळखत राहिले, मला मान वर करून करून दुखायला लागली. चौकातली दोन जुनी देवळे भूकंपात पडली होती. गल्लीतल्या लोकांनी कोरीव लाकूड ढिगाऱ्यातून वेचून जपून ठेवले, आणि तेच लाकूड वापरून ती परत उभी केली.

पण मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो चौकाच्या टोकाला असलेल्या मंगा हितीपाशी. हिती म्हणजे दगडी धारा, वाहते पाणी येणारा. रस्त्यापासून खाली पायऱ्या उतरून जायचे, आपल्या बारवेसारखे. तळाला भिंतीतून मगरीच्या तोंडाच्या तीन दगडी चोच्या बाहेर आलेल्या, त्यातून पाणी पडते. हा धारा सहाव्या शतकातला आहे. चौदाशे वर्षांत राजे आले, गेले, भूकंप झाले, आणि बायका कळशी घेऊन तिथे उतरतच राहिल्या. आम्ही गेलो तेव्हाही चार बायका ओळीने उभ्या होत्या, प्लॅस्टिकचे कॅन घेऊन.

हे चालते कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. पाणी उपसायला मोट नाही, पंप नाही. डोंगराच्या पायथ्याकडून राजकुलो नावाचे कालवे काढलेले होते. ते शहराजवळच्या तळ्यांत पाणी सोडायचे. तळ्यांतले पाणी जमिनीत मुरायचे, आणि विटांच्या झाकलेल्या नाल्यांतून, वाळू-खडीतून गाळत, आपल्या वजनाने धाऱ्यापर्यंत यायचे. धारा खोल असण्याचे कारण हेच. पाण्याच्या पातळीखाली उतरले की पाणी आपोआप येते. आणि नाले साफ ठेवायचा दिवस सणाला बांधलेला आहे. जेठ महिन्यात, पावसाच्या आधी, ‘सिठी नखः’ नावाच्या सणाला नेवार लोक विहिरी आणि धारे साफ करतात. तेव्हा पाणी सगळ्यात खाली गेलेले असते, आत उतरता येते. देवाच्या नावाने गाळ निघतो.

खोऱ्यातले बरेच धारे आता कोरडे पडले आहेत. तळी बुजवून इमारती झाल्या, कालवे तुटले, पाया खणताना जमिनीखालचे नाले फुटले, जो तो बोअर मारत गेला. हे ऐकताना मला आपल्या वेशीजवळची बारव दिसत होती. ती आटली असे आपण म्हणतो. तिच्या वरच्या अंगाला असलेला पाझर तलाव कधी बुजला, हे कुणी विचारत नाही. पुढच्या बैठकीत मी तो विषय घेणार आहे. सरपंचांनी आधीच ऐकून ठेवावे.

संध्याकाळी चौकात दगडी कट्ट्यावर बसलो. कट्ट्याला तिकीट नाही, आणि गावची सगळी म्हातारी माणसे तिथेच असतात. काळ्या लुगड्याला लाल काठ अशा आपल्या चंद्रकळेसारख्या वेषात दोन नेवार आज्या शेजारी बसल्या होत्या. एकीने माझ्या नऊवारीचा काष्टा निरखून बघितला आणि काहीतरी विचारले. मला शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कळला. मी उभी राहून तिला मागचा खोचा दाखवला. आमचे हे दुसरीकडे बघत बसले.

मला यात एवढेच सांगायचे आहे की बसमधून गेलेल्यांनी त्या दिवशी अर्ध्या दिवसात चार ठिकाणे बघितली, प्रत्येकी वीस मिनिटे. आम्ही दिवसभरात मोजकीच बघितली. आपल्यात बायका देवाला जातात, फिरायला जात नाहीत. फिरायला पैसे घालवले म्हटले की घरात आवाज चढतो, देवाला घालवले म्हटले की चालतो. म्हणून आपण देवाच्या नावाने निघतो, आणि देव झाला की खोलीत बसून पाय चेपत राहतो. पाय चेपायला घर आहे की.

आता हिशेब, कारण तुम्ही तो विचारणारच. सगळे नेपाळी रुपयांत सांगते. नाश्ता २००. पशुपतीला फूल-दक्षिणा १६०. बौद्धनाथ तिकीट २००. जेवण ५००. बस आणि टेम्पो मिळून दोघांचे २००. पोते ४५०. पाटणचे तिकीट ५००. दुपारचा खाजा आणि चहा २००. पिण्याचे पाणी ४०. अंधार पडल्यावर मात्र आम्ही टेम्पोची वाट बघितली नाही, टॅक्सी केली आणि धर्मशाळेपर्यंत ६०० दिले. बसायच्या आधी भाव ठरवून घेतला. अंधारात अनोळखी शहरात शंभर-दोनशे वाचवायला जाऊ नये, ते पैसे त्यासाठीच राखून ठेवायचे. एकूण ३०५०. भाव पुढेमागे होतील, पण प्रमाण साधारण हेच राहील.

उरले १५०. नेपाळी नोटा आपल्या गावात कुणी घेत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी त्यांचे तिमूर घेतले. कोकणात माशाच्या आमटीत त्रिफळ घालतात ना, त्याच जातीचा हा मसाला, जिभेला तसाच झिणझिण्या आणणारा. आमटीत दोनच दाणे ठेचून टाकायचे. यांनी पहिल्या दिवशी चार टाकले.